नदीची साक्ष गाळात असते

(वसई येथील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वसई तालुका दोन खाड्यांच्या मध्ये वसलेला आहे. उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस उल्हास नदीची वसई खाडी, पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर आणि पश्चिमेस सिंधुसागर. त्र्यंबकेश्वराच्या परिसरात उगम पावणारी वैतरणा अर्नाळ्याजवळ सागराला मिळते. राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीच्या कड्यांवरून उतरणारी उल्हास सुमारे १२२ किलोमीटरचा प्रवास करून वसईच्या किल्ल्यापाशी आपले पाणी समुद्राच्या स्वाधीन करते. प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे आणि कल्याण ही दोन विख्यात बंदरे याच जलमार्गांच्या आधाराने उभी राहिली. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली आणि तेथील खाडीत मराठ्यांच्या आरमाराची पहिली गलबते बांधली गेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकून उत्तर कोकणाला पोर्तुगीज अमलातून मुक्त केले, तेव्हाही भरती-ओहोटीचे गणित जाणणारी या किनाऱ्यावरील माणसेच सैन्याच्या उपयोगी पडली.

या खाडीचे महत्त्व वसईकरांना नव्याने सांगावे लागत नाही. खाडीचे पाणी बिघडले आहे हेही सांगावे लागत नाही. नायगाव-भाईंदरच्या पुलावरून लोकलने जाणाऱ्या प्रवाशाला ते रोज नाकाने कळते. प्रश्न वेगळा आहे. नेमके काय बिघडले, किती बिघडले, केव्हापासून बिघडले आणि कोणामुळे बिघडले, याचे उत्तर नाकाने मिळत नाही. ते मोजमापाने मिळते. आणि हे मोजमाप केवळ पाण्याचे करून भागणार नाही, ते तळाच्या गाळाचेही करावे लागेल, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

श्रद्धा आणि मोजमाप

स्नानाच्या वेळी सात नद्यांचे आवाहन करणारा हा समाज आहे. पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, पाण्यात थुंकू नये, असे तैत्तिरीय आरण्यकाने बजावून ठेवले आहे. नदीला माता मानणाऱ्या या दृष्टीचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच. परंतु माता आजारी असताना केवळ तिची आरती करून कोणताही पुत्र थांबत नाही. तो वैद्य बोलावतो, नाडी दाखवतो, रक्त तपासून घेतो आणि अहवाल जपून ठेवतो. नदीच्या बाबतीत मात्र समाजाने आरती आपल्याकडे ठेवली आणि तपासणी सरकारवर सोपवून दिली. तपासणीचे अहवाल मागून घ्यावेत, वाचावेत, मागील वर्षांशी ताडून पाहावेत, हे समाजाचे काम आहे असे फारसे कोणाला वाटलेच नाही.

या विषयात महाराष्ट्र मागे नव्हता. जलप्रदूषण रोखण्याचा राज्याचा कायदा १९६९ साली झाला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. संसदेने केलेला जलप्रदूषण नियंत्रणाचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. कायदा लवकर आला तरी नदी वाचली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यांतील ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रात होते. २०२२ च्या यादीत देशातील पट्ट्यांची संख्या ३११ पर्यंत उतरली, परंतु महाराष्ट्रातील संख्या ५५ झाली. दोन्ही वेळा हे राज्य देशात पहिल्या क्रमांकावर होते. हा मान मिरवण्यासारखा नाही.

उल्हास नदीवर काय लादले गेले

वसईच्या खाडीत येणारे पाणी कोठून येते, हे समजल्याशिवाय पुढचा विचार करता येत नाही. उल्हास ही मुळात पावसाळी नदी. परंतु भीमेच्या खोऱ्यातील आंध्रा नदीचे अडवलेले पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीज केंद्रातून खाली उतरते आणि उल्हासच्या पात्राला मिळते. त्यामुळे उन्हाळ्यातही नदीला पाणी राहू लागले. बारमाही पाणी, मुंबईचे सान्निध्य आणि लोहमार्ग ही तिन्ही अनुकूलता जुळून आल्यावर स्वातंत्र्योत्तर काळात बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, शहाड, मोहने, डोंबिवली या पट्ट्यात रसायने, रंग, औषधे, कृत्रिम रेशीम, कॉस्टिक सोडा यांचे कारखाने उभे राहिले. या उद्योगांनी लाखो कुटुंबांना अन्न दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. त्याच नदीतून या शहरांना पिण्याचे पाणी मिळते आणि त्याच नदीत शहरांचे सांडपाणीही जाते.

उल्हासला मिळणाऱ्या वालधुनीची कथा अधिक क्लेशदायक आहे. शिलाहार राजांनी बांधलेले अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० मधील आहे. जवळजवळ हजार वर्षे हे मंदिर वालधुनीच्या काठावर उभे आहे. ज्या प्रवाहाच्या काठी शिवालय बांधावेसे वाटले, त्याला काही दशकांत लोक नाला म्हणू लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधून वालधुनीत रसायन ओतले गेले. त्यातून निघालेल्या वायूने शेकडो नागरिकांना श्वास घेणे कठीण झाले आणि त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. पर्यावरण कार्यकर्त्यांनी उल्हास आणि वालधुनीसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे दार ठोठावले होते. न्यायाधिकरणाने २०१५ साली निकाल देताना प्रक्रिया केंद्रे आणि नगरपालिका या दोघांनाही जबाबदार धरले.

हे सर्व पाणी कल्याणच्या खाली खाडीत शिरते, ठाण्याजवळून पश्चिमेकडे वळते आणि घोडबंदर, पाणजू बेट, नायगाव असे करीत वसईच्या किल्ल्यापाशी पोचते. वरच्या शहरांनी केलेल्या कर्माचा हिशेब खालच्या गावांकडे जमा होतो. वसई या प्रवाहाच्या अगदी शेवटी आहे.

पाण्याचा नमुना काय सांगतो, काय सांगत नाही

नदीच्या पाण्याची जी नियमित तपासणी होते, तिच्यात काही ठरावीक गोष्टी पाहिल्या जातात. पाण्याची आम्लता, विरघळलेला प्राणवायू, विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची संख्या आणि बीओडी. बीओडी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवण्यासाठी जिवाणूंना लागणारा प्राणवायू. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून करतात. एका लिटरमागे हा आकडा ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की तो नदीपट्टा प्रदूषितांच्या यादीत येतो. उलट विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली उतरला की मासळीचे जगणे कठीण होते. या चाचण्या आवश्यक आहेत आणि त्या चालूच राहिल्या पाहिजेत.

परंतु पाण्याची बाटली फक्त एका क्षणाचे वर्तमान सांगते. सकाळी अकरा वाजता नमुना घेतला आणि रसायनाचा टँकर पहाटे तीन वाजता रिकामा झालेला असेल, तर बाटलीत काहीच सापडत नाही. खाडीत तर अडचण दुप्पट होते. उधाणाच्या भरतीला समुद्राचे स्वच्छ पाणी आत शिरते आणि घाण विरळ दिसते, ओहोटीच्या शेवटी त्याच जागी वरच्या शहरांचे पाणी उघडे पडते. एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, सहा तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने दोन वेगळ्या नद्यांचे वाटावेत इतका फरक पडू शकतो. नमुना भरतीचा की ओहोटीचा, उधाणाचा की भांगाचा, हे नोंदलेले नसेल तर त्या आकड्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. प्रदूषण करणाऱ्याला मात्र त्यातून हवा तो निष्कर्ष काढता येतो.

दुसरी मर्यादा धातूंची आहे. पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू पाण्यात फार काळ तरंगत राहत नाहीत. ते मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटतात आणि कणांबरोबर तळाशी जातात. म्हणून पाण्याचा अहवाल निर्दोष आणि तळाचा गाळ विषारी, अशी परिस्थिती असू शकते.

गाळ स्मरण ठेवतो

गोडे पाणी आणि खारे पाणी जेथे भेटतात, तेथे निसर्गाची एक विलक्षण क्रिया चालते. नदीने आणलेले मातीचे सूक्ष्म कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर ढकलीत वाहत असतात. खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच ते एकत्र येतात, त्यांचे गुठळे बनतात आणि ते जड होऊन खाली बसतात. त्यांना चिकटलेले धातूही त्यांच्यासह बसतात. खाडी म्हणजे नदीचे गाळणे आहे. वरून येणारे विष समुद्रात जाऊन नाहीसे होते, ही समजूत त्यामुळेच खोटी ठरते. त्याचा मोठा भाग खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांत आणि खाजणांत राहतो.

हा चिखल वर्षानुवर्षे थरावर थर असा साचतो. लांब नळी तळात उभी खुपसून गाळाचा उभा नमुना काढला, तर वरचा थर अलीकडचा आणि खालचा थर जुना असतो. निसर्गात आढळणाऱ्या किरणोत्सारी शिशाचे प्रमाण दर सुमारे बावीस वर्षांनी निम्मे होते. त्या आधारे कोणता थर कोणत्या दशकातील हे शास्त्रज्ञ ठरवू शकतात. एखाद्या जुन्या घराण्याच्या चोपड्या असाव्यात तसा हा गाळ असतो. कोणत्या काळात कोणत्या धातूचा भार वाढला आणि केव्हा घटला, हे त्यात लिहिलेले असते आणि ती नोंद कोणत्याही कार्यालयात जाऊन बदलता येत नाही.

उल्हासच्या खाडीत असा अभ्यास झालेला आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी येथील गाळातील पाऱ्याचा शोध घेतला आणि त्यांचा निबंध २००३ साली ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरला जात असे आणि सांडपाण्याबरोबर तो नदीत येई. खाडीच्या आतल्या भागातील गाळात नैसर्गिक पातळीहून कितीतरी अधिक पारा पसरलेला या अभ्यासात आढळला. काही उभ्या नमुन्यांत वरच्या थरांतील पारा घटलेला दिसला, म्हणजे कारखान्यांनी सुधारणा केल्याची नोंदही त्याच चिखलाने ठेवली. गाळ केवळ आरोप करीत नाही, तो सुधारणेचीही ग्वाही देतो. ज्या उद्योगाने प्रामाणिकपणे प्रक्रिया केली, त्याच्या बाजूनेही हाच साक्षीदार उभा राहतो. मात्र जो पारा खाली गेला, तो तेथेच आहे.

मिनामाताचा धडा

तळाशी पडून राहिलेला पारा निरुपद्रवी असतो, असे कोणी समजू नये. प्राणवायू नसलेल्या चिखलातील काही जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप सजीवांच्या शरीरात साठते. किड्यातून निवटीत, निवटीतून मोठ्या माशात आणि माशातून माणसात जाताना त्याचे प्रमाण दर पायरीला वाढत जाते. जपानमधील मिनामाता या कोळ्यांच्या गावात १९५६ साली या विषबाधेची अधिकृत नोंद झाली. तेथील कारखान्याने पारायुक्त सांडपाणी सोडणे १९६८ साली थांबवले. पण उपसागराचा तळ साफ करण्याचे काम १९७७ ला सुरू होऊन १९९० पर्यंत चालले आणि उपसलेला गाळ बंदिस्त करण्यासाठी सुमारे ५८ हेक्टर क्षेत्रावर भराव घालावा लागला. विष सोडणे थांबल्यावरही बावीस वर्षे त्या तळाने पिच्छा सोडला नाही.

वसईची खाडी म्हणजे मिनामाता नव्हे आणि भीती पसरवणे हा येथील हेतूही नाही. पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाताचेच नाव दिले गेले आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. नवा पारा येण्याचे मार्ग बंद होत आहेत. जुना पारा कोठे, किती आणि किती खोलीवर आहे, हे जाणून घेणे एवढेच शहाणपणाचे काम उरले आहे. ते काम आताच का केले पाहिजे, याला एक तातडीचे कारण आहे.

गाळ हलवण्यापूर्वी

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने वसई खाडी आणि उल्हास नदीचा कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो फेरीसेवाही सुरू झाली. ज्या खाडीतून एके काळी गलबते कल्याणला जात, तिच्यातून पुन्हा वाहतूक सुरू होणे ही आनंदाची गोष्ट आहे. रस्त्यांवरील कोंडी फुटेल, इंधन वाचेल. राष्ट्राच्या विकासात अशा मार्गांचे स्थान मोठे आहे.

परंतु जलमार्ग म्हटला की तळ खोल करणे आले आणि तळ खोल करणे म्हणजे थरांची ती चोपडी फाडून तिची पाने पाण्यात उधळणे. रेती उपसणारे पंपही या खाडीत वर्षानुवर्षे तेच करीत आले आहेत. खालच्या थरात दबलेले धातू उपशाने पुन्हा पाण्यात येतात, भरतीबरोबर खाजणांत, मिठागरांत आणि कोळ्यांच्या जाळ्यांपर्यंत पोचतात. उपसलेला गाळ कोठे टाकायचा हा प्रश्न तर आणखी अवघड आहे. शेताच्या बांधाला, घराच्या भरावाला किंवा तिवरांवर तो टाकला गेला, तर खाडीचे दुखणे जमिनीवर येईल.

म्हणून मागणी विकास थांबवण्याची नाही. ज्या जागी तळ खोल करायचा, त्या जागेच्या गाळाची उपशाच्या खोलीपर्यंत आधी तपासणी व्हावी, तिचे निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध व्हावेत आणि दूषित गाळ वेगळा काढून सुरक्षित जागी बंदिस्त व्हावा, एवढी ही मागणी आहे. येथे एक उणीव दूर करावी लागेल. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक पारा असू नये, असे भारतीय मानक आहे. गाळासाठी मात्र असे वैधानिक मानक आपल्याकडे ठरलेले नाही. कॅनडाने समुद्री गाळासाठी किलोमागे ०.१३ मिलिग्रॅम पारा ही सावधगिरीची पातळी ठरवून ठेवली आहे. परदेशी आकडा जसाच्या तसा उचलावा असे नाही, कारण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातच तांबे आणि क्रोमियम यांचे प्रमाण स्वभावतः अधिक असते. इतर देशांच्या फूटपट्टीने मोजले तर येथील निर्मळ मातीही दूषित ठरायची. स्वतःची फूटपट्टी स्वतःच्या मातीवरून बनवली पाहिजे आणि त्यासाठी स्वतःच्या मातीचे मोजमाप हवे.

घरचा आरसा

वरच्या शहरांकडे बोट दाखवताना वसईकरांनी आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार, कामण या पट्ट्यात हजारो लहान गाळे आणि कारखाने आहेत. लहान कारखान्याचे सांडपाणी थोडे असते, पण धातूंना मुलामा देणाऱ्या एका गाळ्याची बादलीभर आम्लधोवणही एका ओढ्याचा तळ बिघडवण्यास पुरेशी होते. दुसरी बाब घरगुती सांडपाण्याची. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. त्यानंतर शहर आणखी वाढले. बोळिंज येथे रोज तीन कोटी लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याच्या क्षमतेचे केंद्र आहे. एवढ्या शहरासाठी एवढे पुरत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जे पाणी केंद्रापर्यंत पोचत नाही ते नाल्यांतून खाडीत आणि समुद्रात जाते.

उत्सवांच्या बाबतीतही प्रामाणिक असावे. मूर्तींच्या रंगांतील धातू आणि न विरघळणारे प्लास्टर हेही तळाशीच जाते. केंद्रीय मंडळाने विसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२० मध्ये त्या अधिक कडक केल्या. कारखान्यांच्या तुलनेत हा भार लहान असेल. पण शाडूच्या पार्थिव मूर्तीची आपली मूळ परंपरा निसर्गाशी अधिक सुसंगत आहे आणि ती पाळण्यासाठी कोणत्याही मंडळाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशेब चोख असावा लागतो.

काम कसे करावे

हे काम समाजाला करता येण्याजोगे आहे का? सर्व नाही, पण बरेचसे आहे.

प्रथम जागा निश्चित कराव्यात आणि त्या बदलू नयेत. मोहनेच्या बंधाऱ्याखाली एक, ठाण्याजवळ कशेळीला एक, घोडबंदरला एक, नायगाव-पाणजूच्या पुलाजवळ एक आणि वसई किल्ल्याजवळ पाचूबंदरला एक, अशी पाच ठिकाणे उल्हासच्या संपूर्ण खाडीचा उतार दाखवतील. सहावे ठिकाण वैतरणेच्या खाडीत अर्नाळ्यासमोर असावे. वैतरणाही त्याच काळ्या पाषाणातून वाहते, परंतु तिच्यावर उद्योगांचा भार उल्हासइतका नाही. म्हणून तुलनेसाठी तिच्यासारखी दुसरी नदी नाही. दोन नद्यांच्या मध्ये असल्याचा हा लाभ वसईला आपसूक मिळालेला आहे.

गाळाचे नमुने वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर नोव्हेंबरमध्ये, भांगाच्या दिवसांत ओहोटीला घ्यावेत. पाण्याचे नमुने त्याच जागी भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी घ्यावेत. धातूची अवजारे वापरू नयेत. स्वच्छ प्लास्टिकच्या पळीने वरचा पाच सेंटिमीटर थर उचलावा. पाऱ्यासाठीचा नमुना काचेच्या बरणीत भरावा, बर्फात ठेवावा आणि त्यावर जागा, तिथी, वेळ व नमुना घेणाऱ्याची सही असावी. वाळू आणि चिखल यांची सरमिसळ झालेली असेल तर सूक्ष्म कण चाळून वेगळे काढून तपासावे लागतात, नाहीतर वाळूच्या प्रमाणानुसार आकडे खाली-वर होतात. धातूंची प्रत्यक्ष तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच व्हावी, कारण न्यायालयात टिकणारा पुरावा तोच असतो. नमुने घेण्याचे, साधी मोजमापे करण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे काम तालुक्यातील महाविद्यालयांचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतात. दर पाच वर्षांनी एक उभा नमुना शासकीय संशोधन संस्थेकडून काढून घेण्याचा आग्रह धरावा.

या कामात कोळी बांधवांना केवळ होडी भाड्याने देणारे समजू नये. कोणत्या वळणावर चिखल बसतो, कोठे वाळू येते, कोणत्या महिन्यात जिताडा येईनासा झाला, चिंबोरी कोणत्या खाजणातून नाहीशी झाली, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. तळाशी चिकटून राहणारी कालवे पाणी गाळून आपले अन्न मिळवतात आणि त्याबरोबर धातूही शरीरात साठवतात. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये शिंपल्यांच्या आधारे किनाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची कल्पना मांडली आणि ती पुढे जगभर रुजली. वसईच्या कोळणीला कालवांची चव कोणत्या खडकावर बिघडली हे केव्हाच कळलेले असते. तिचे निरीक्षण आणि प्रयोगशाळेचा आकडा एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिले गेले पाहिजेत.

संघटित समाजाने नेटाने पाठपुरावा केला तर काय घडते, याचे उदाहरण पालघर जिल्ह्यातच आहे. तारापूरच्या औद्योगिक प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभरावर उद्योगांकडून भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. न्यायालयीन वाद पुढे कोणतेही वळण घेवो, मासेमारीवर पोट भरणाऱ्या एका समाजाने आपल्या किनाऱ्याचा जाब विचारला आणि यंत्रणेला तो ऐकावा लागला, हे महत्त्वाचे आहे. या लढाईत कागदावरच्या आकड्यांनीच बळ दिले.

समाजाचे कर्तव्य

वसईत वाडवळ आहेत, सामवेदी आहेत, आगरी, मांगेला, वारली आहेत, हिंदू कोळी आहेत आणि ख्रिस्ती कोळीही आहेत. खाडीच्या बिघाडाने यांच्यापैकी कोणालाही वगळलेले नाही. या प्रश्नावर सर्वांनी एका होडीत बसणे ही औपचारिकता नसून वस्तुस्थिती आहे. ज्याच्या ताटात या खाडीची मासळी येते, तो प्रत्येकजण या कामातील भागीदार आहे.

शासनाकडे बोट दाखवणे सोपे असते. शासनाला सातत्याने प्रश्न विचारत राहणे कठीण असते, कारण त्यासाठी स्वतःजवळ नोंद असावी लागते. दहा वर्षांची अखंड वही ज्या गावाजवळ आहे, त्या गावाला कोणताही अधिकारी किंवा उद्योजक सहज वाटेला लावू शकत नाही. पहिल्या वर्षीचा आकडा एकटा फारसे काही सांगणार नाही, तिसऱ्या वर्षी दिशा दिसू लागेल आणि दहाव्या वर्षी ती वही स्वतःच बोलू लागेल. यात घोषणा नाहीत, मिरवणूक नाही, वृत्तपत्रात छायाचित्र येण्याची शक्यताही फारशी नाही. चिखलात गुडघाभर उतरून, बरणीवर तिथी-वार लिहून, ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवणे एवढेच आहे. राष्ट्रकार्य म्हणजे बहुतेक वेळा असेच, न दिसणारे आणि नियमित काम असते.

जलमार्गासाठी खाडीचा तळ हलण्याआधी त्या तळाची पहिली नोंद वसईकरांच्या हाती असली पाहिजे. उपसा झाल्यानंतर पूर्वीची स्थिती काय होती, हे सांगणारा पुरावा पुन्हा मिळवता येणार नाही. म्हणून येत्या मे महिन्यातील भांगाच्या ओहोटीला पहिल्या सहा बरण्या भरल्या जाव्यात, एवढा संकल्प येथून जाताना करावा.